हरियाल (हिरवं कबूतर) आणि शेकरू (मोठी खार) दोघेही झाडावरच राहतात, मग झाडं तुटल्यावर जास्त हाल कोणाचे?

शेकरूचे. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबा. पण ‘हरियालाला काय, पंख आहेत, जाईल दुसरीकडे’ हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचून राहवलं नाही.

हेच वाक्य आमच्या काकांनी सोलापुरात घरामागचा उंबर तोडताना म्हटलं होतं. भर मे महिन्यात. मुळं भिंतीत शिरतील, ही सबब. त्या उंबरावर हरियालांचा थवा यायचा. पानांत बसले की दिसायचेच नाहीत. अर्धवट खाल्लेली उंबरं टपटप पडायला लागली की समजायचं, आले. मान वर करून बघत राहिलं की कुठे एखादा पिवळाधमक पाय दिसायचा, मग खांद्यावरचा जांभळट डाग, आणि मग लक्षात यायचं, अख्खी फांदी भरलीय. उंबर गेला, थवाही गेला. काका म्हणाले, ‘बघ, गेलेच की उडून!’ गेले, पण कुठे? वड, पिंपळ, उंबर सगळे एकदम पिकत नाहीत. एकावरचं संपलं की दुसऱ्यावर जायचं, असं त्यांचं वर्ष निघतं. नुसत्या पंखांनी पोट भरत नाही, काका.

शेकरूला फांदीला फांदी लागलेली हवी. पाच-सहा मीटर उडी सहज मारतं, पण मध्ये रुंद रस्ता आला की जमिनीवर उतरावं लागतं, तिथेच घात होतो. शिवाय उंच झाडांच्या शेंड्यांत एकापेक्षा जास्त घरटी बांधतं. म्हणजे सलग रानच पाहिजे. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. हरियालाला विखुरलेली झाडं चालतात, पण फळांची. गुलमोहर आणि निलगिरी लावून फोटो काढणाऱ्यांनी आधी सांगावं, आपला राज्यपक्षी त्यावर खाणार काय? उंबर लावा. भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून चांगला लांब लावा, तेवढी काकांची भीती खरी आहे.

हां, हरियाल जमिनीला पायच लावत नाही असं ऐकलं असेल तर ते विसरा, पाणी प्यायला उतरतो कधीतरी. आणि आमच्या जिल्ह्यात सगळीकडे झाडंच लावा, असं मी म्हणत नाही. नान्नजचा माळ माळढोक पक्ष्यासाठी राखलेला आहे, त्याला मोकळं गवतच लागतं. तिथे खड्डे खणायला जाऊ नका.