‘हकलबरी फिन’ वाचताना घाई नको

जुन्या गाजलेल्या अमेरिकन कादंबऱ्या वाचायच्या तर सुरुवात ‘मोबी डिक’ने करू नका, १३५ प्रकरणांत नवख्याची दमछाक होते. आधी मार्क ट्वेनचं ‘हकलबरी फिन’ घ्या. बोलीभाषा अडली तर मोठ्यानं वाचा, कानाला लवकर कळते.

३१व्या प्रकरणात मात्र थांबाच. पळालेला गुलाम जिम याचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला कळवणारं पत्र हक, म्हणजे गोष्ट सांगणारा पोरगा, लिहितो, त्याला हलकं वाटतं. मग जिमची माया आठवते आणि तो कागद फाडतो. नरकात जाईन, म्हणतो! नवे वाचक इथंच फसतात. हकला आपण गुलामगिरीविरुद्ध बंड करतोय असं वाटतच नाही. पाप करतोय असंच वाटतं. समाजानं पोराची सद्सद्विवेकबुद्धीच नासवलीय. मग १६वं प्रकरण पुन्हा वाचा: तराफ्यावर देवीचा रोगी असल्याचं भासवून तो जिमला वाचवतो, आणि वर स्वतःलाच दोष देतो.