गल्ल्यावर कुपन काढायला लाजू नकोस

प्रश्न : ताई, आठ महिन्यांपूर्वी मी साताऱ्याहून एडिसनला आले. नवऱ्याची नोकरी इथे आहे, मी एच-४ व्हिसावर, त्यामुळे मला अजून काम करता येत नाही. मुलगी वर्षाची होईल. दर आठवड्याचं सामानाचं बिल बघून पोटात गोळा येतो. आमच्या इमारतीतल्या एक बाई कुपनांवर निम्म्या पैशांत सामान आणतात असं ऐकून मीही परवा एक कागदी कुपन घेऊन गेले. गल्ल्यावर ते चाललं नाही. मागे रांग होती. मी शाम्पूची बाटली तिथेच ठेवून घरी आले. नवरा म्हणतो, चार पैशांसाठी असं उभं राहणं बरं दिसत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचलं आणि मला १९९९ सालचा मार्च आठवला. मी वाईहून इथे येऊन तीन महिने झाले होते. माझ्याही हातात शाम्पूच होता! कुपन चाललं नाही म्हटल्यावर का चाललं नाही हे विचारायला शब्द सुचेनात, आणि घरी येईपर्यंत डोळे भरून आले. आमच्या खालच्या मजल्यावर एक पोलिश आजी राहायच्या. त्यांनी ते कुपन माझ्याकडून घेतलं, चष्मा लावला आणि बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. प्रवासी आकाराच्या छोट्या बाटलीला ते लागू नव्हतं आणि मी नेमकी तीच उचलली होती. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कुपन वाचायला शिकले.

आधी लाजेचं बोलू, कारण ती गेल्याशिवाय पुढचं काही जमायचं नाही. कुपन देणं म्हणजे दुकानदाराकडे सूट मागणं नव्हे. साबणाच्या कंपनीने एक डॉलरचं कुपन काढलं, तू ते गल्ल्यावर दिलंस, की दुकान ते कंपनीकडे पाठवतं आणि आपला डॉलर वसूल करतं. वर हाताळणीचे म्हणून साधारण ८ सेंट त्याला मिळतात. कुपनाच्या पाठीवर किंवा तळाशी हे छापलेलंही असतं. म्हणजे दुकानाचं नुकसान होत नाही, आणि गल्ल्यावरच्या मुलीच्या खिशातून तर काहीच जात नाही. या देशात ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. कोका-कोलाने फुकट ग्लासाची कुपनं वाटूनच लोकांना आपल्या पेयाची चव लावली. तुझ्या नवऱ्याला हे सगळं सांग. मंडईत भाजी घेताना आपल्या आया वर मूठभर कोथिंबीर मागून घ्यायच्या, तेव्हा कुणाला काही वाईट दिसायचं नाही.

आता वाचायचं कसं. सगळ्यात आधी तारीख बघ. मग आकार बघ, किती औंसांची बाटली किंवा किती नगांचं पाकीट ते. मग किती वस्तू घ्यायच्या ते बघ, कारण ‘दोनवर एक डॉलर’ असं असेल तर एकीवर पन्नास सेंट मिळत नाहीत. कुपनावरचं चित्र मात्र सोडून दे. चित्र बहुतेक वेळा सगळ्यात महागड्या प्रकाराचं असतं. शब्दांत ‘कोणताही’ लिहिलं असेल तर स्वस्तातला प्रकारही चालतो. नवीन माणूस हमखास अडखळतो ते दोन शब्दांवर, ‘पर्चेस’ आणि ‘ट्रान्झॅक्शन’. ‘वन कुपन पर पर्चेस’ म्हणजे एका वस्तूला एक कुपन. तू चार पाकिटं घेतलीस आणि तुझ्याकडे चार कुपनं असली तर चारही चालतात. ‘पर ट्रान्झॅक्शन’ असेल तर अख्ख्या बिलाला एकच. गल्ल्यावरच्या नव्या मुलामुलींचाही यात गोंधळ होतो. तेव्हा भांडायचं नाही, शांतपणे ती ओळ दाखवायची. तरी नाहीच म्हणाले तर ग्राहक सेवेच्या खिडकीवर जायचं. तिथे रांगही नसते.

कुपनं मिळवायची कुठून? मी स्टार-लेजरच्या रविवारच्या अंकातून कापायचे. त्या वर्तमानपत्राची छापील आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आणि कागदी कुपनं तर त्याच्या आधीपासूनच कमी होत आली आहेत. आता बहुतेक सगळं फोनवर आहे. शॉपराइट या किराणा दुकानाचं ‘प्राइस प्लस’ कार्ड फुकट मिळतं ते काढ आणि त्यांच्या ॲपवर जाऊन हवी ती कुपनं कार्डावर चढव. इथे त्याला ‘क्लिप करणं’च म्हणतात, कात्री नसली तरी. पैसे देण्याआधी चढवायला हवीत. नंतर आठवलं तर उपयोग नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या आणि डायपरच्या कंपन्यांकडे नाव नोंदवलंस तर त्यांच्याकडूनही सवलती येतात. त्यासाठी वेगळा ईमेल उघड, नाहीतर रोजच्या कामाची पत्रं त्यात बुडून जातात.

पहिले दोन महिने फक्त एक दुकान आणि चार वस्तू. हे मी अगदी आग्रहाने सांगते. तुझ्या घरासाठी मी निवडेन डायपर, कपड्यांचा साबण, टूथपेस्ट आणि शाम्पू. तूरडाळ, तांदूळ, कढीपत्ता, भेंडी हे आपण ओक ट्री रोडवरच्या आपल्या भारतीय दुकानांतूनच आणणार आणि त्यावर असली कुपनं नसतात. कुपनं निघतात ती मोठ्या कंपन्यांच्या बंद पाकिटांवर आणि डब्यांवर. सीरियल, गोठवलेले पिझ्झा, गोड दही, फरशी पुसायचे द्रव, सुगंधी मेणबत्त्या. आपल्या स्वयंपाकघराचा निम्म्याहून जास्त खर्च कुपनांच्या बाहेरच राहतो. इमारतीतल्या त्या बाई बिल निम्म्यावर आणत असतील, पण दुकानात त्यांच्या ढकलगाडीत काय काय असतं तेही एकदा बघ.

आता डायपर. यात मी स्वतः दोन वर्षं चुकत होते. समज, नामांकित कंपनीचं ८४ नगांचं खोकं २४.९९ डॉलरला आहे आणि तुझ्याकडे ५ डॉलरचं कुपन आहे. १९.९९ झाले, म्हणजे एक डायपर जवळजवळ २४ सेंटला. शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या नावाचं १०० नगांचं खोकं १५.९९ ला असेल, तर तिथे एक डायपर १६ सेंटला पडतो, तोही कुपनाशिवाय. कुपन हातात असलं की डोळे त्याच खोक्याकडे जातात. म्हणून फळीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत दर नगाची किंवा दर औंसाची किंमत लिहिलेली असते ती आधी वाच. दुकानाच्या नावाचे डायपर तुझ्या लेकीच्या अंगाला चालत असतील तर तेच घे आणि कुपन सोडून दे. डायपरचा साठाही करू नकोस. या वयात मुलं बघता बघता पुढच्या मापात जातात. माझ्याकडे तीन नंबरची चार पाकिटं उरली होती. पावती होती म्हणून बदलून मिळाली.

खरी बचत होते ती कुपन सेलच्या दिवसांपर्यंत दाबून ठेवण्यात. ४.४९ ची टूथपेस्ट अधूनमधून २.९९ वर येते. त्या आठवड्यात एक डॉलरचं कुपन लावलंस तर १.९९. टार्गेटमध्ये एका वस्तूवर कंपनीचं एक आणि दुकानाचं स्वतःचं एक अशी दोन कुपनं चालतात. कॉस्टको आणि आल्डी कंपन्यांची कुपनं घेतच नाहीत, तिथे नेऊ नकोस. सीव्हीएस, वॉलग्रीन्ससारख्या औषधांच्या दुकानांचा हिशेब वेगळा. तिथे दोन वस्तूंवर पुढच्या खरेदीसाठी काही डॉलर परत मिळतात, पण त्यांना मुदत असते. ते वाया जाऊ नयेत म्हणून आपण पुन्हा जातो आणि नको ते उचलतो. ती दुकानं चौथ्या महिन्यानंतर.

एका जाड वहीत या चार वस्तूंचे भाव तारखेसह लिहीत जा. दोन-तीन महिन्यांत कोणती वस्तू किती आठवड्यांनी उतरते ते आपोआप दिसायला लागतं. माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे : टूथपेस्ट दोन डॉलरच्या वर घ्यायची नाही. आई एप्रिल-मे मध्ये वर्षाचं धान्य भरायची, ऊन दाखवायची, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. भाव उतरला की भरायचं, चढला की घरातलं वापरायचं, हे तूही घरी पाहिलंच असशील. फक्त इथे पुढच्या उतारापर्यंत पुरेल एवढंच घ्यायचं, कारण अपार्टमेंटमध्ये कणगी ठेवायला जागा नाही.

एकदा मी सुपाचे बावीस डबे आणले होते, एकेक चाळीस सेंटला पडला म्हणून. आमच्या घरात सूप कुणी पीत नव्हतं. दीड वर्षाने तारीख उलटायच्या आत ते गावच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात, नेऊन दिले. तिथल्या बाई म्हणाल्या, यापेक्षा पीनट बटर आणा, ते लगेच संपतं. तेव्हापासून सेल आणि कुपन जुळून आलं की मी पीनट बटरच्या दोन बरण्या जास्त घेते आणि तिथे पोचवते. तो माझ्या महिन्याच्या हिशेबातला ठरलेला खर्च आहे.

आणखी एक. बिल तपासताना कर बघून गोंधळशील. न्यू जर्सीत बहुतेक किराण्यावर आणि डायपरवर विक्रीकर नाही, पण शाम्पूवर ६.६२५ टक्के आहे. ५ डॉलरच्या शाम्पूवर कंपनीचं २ डॉलरचं कुपन लावलं तरी कर ५ डॉलरवरच लागतो, ३३ सेंट. दुकानाचं स्वतःचं कुपन असेल तर ३ डॉलरवर, २० सेंट. कुणी फसवलेलं नाही, नियमच तसा आहे.

पुढच्या वेळी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जा, रांग लहान असते. कागदी कुपनं वस्तूंच्या क्रमाने लावून ठेव. घरच्या पिशव्या विसरू नकोस. मे २०२२ पासून आपल्याकडच्या मोठ्या किराणा दुकानांत कागदीसुद्धा मिळत नाहीत. आणि तोच शाम्पू आण. कुपनाची तारीख गेली नसेल तर योग्य आकाराची बाटली घे आणि तेच कुपन दे. मला कळव.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे, पेनसिल्व्हेनियात मुलाकडे राहतो. इथल्या दुकानात अंड्यांवर मोठ्या अक्षरांत १.९९ लिहिलेलं होतं, गल्ल्यावर ३.४९ घेतले. विचारलं तर म्हणाले, फोनवरचं कुपन हवं. माझा फोन साधा आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं?
— एक वाचक, हॅरिसबर्ग

उत्तर : काका, तुमचा राग रास्त आहे. एकाच वस्तूचे दोन भाव, आणि स्वस्तातला भाव फक्त स्मार्टफोनवाल्यांना, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. ज्यांना सवलतीची जास्त गरज असते, नेमके तेच त्यातून वगळले जातात. पण वाट आहे. बहुतेक दुकानांचं खातं फोन नंबरावर चालतं, आणि तो नंबर घरचा किंवा साध्या फोनचाही चालतो. मुलाला किंवा सुनेला सांगा, तुमच्या नंबरावर खातं उघडून द्या आणि शनिवारी घरच्या संगणकावरून त्या आठवड्याची कुपनं चढवा. तुम्ही गल्ल्यावरच्या यंत्रात फक्त नंबर दाबायचा. घरी कुणाला वेळ नसेल तर ग्राहक सेवेच्या खिडकीवर जाऊन स्पष्ट सांगा, ‘माझ्याकडे स्मार्टफोन नाही, हा भाव मला द्या.’ बरेच व्यवस्थापक देतात. काही मोठ्या दुकानांच्या साखळ्यांनी यासाठी दुकानातच यंत्रं बसवली आहेत, दाराशी चौकशी करा. आणि दिला नाही तर व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार ठेवा. तुम्ही ती केलीत तर तुमच्यामागच्या दहा जणांचं काम होईल.

प्रश्न : एका व्हॉट्सॲप गटावर १५ डॉलरला कुपनांचा संच मिळतो. त्यात डायपरचं खोकं पूर्ण फुकट मिळायचं कुपन आहे. घ्यावा का?
— एक वाचक, फिलाडेल्फिया

उत्तर : घेऊ नका. कुपन विकत किंवा दुसऱ्याला दिलं तर ते बाद होतं, असं बहुतेक कुपनांवरच छापलेलं असतं. आणि विकत घेतलेल्या संचात महागडी वस्तू पूर्ण फुकट देणारं कुपन असेल तर ते बनावट असण्याचीच शक्यता जास्त. २०२१ मध्ये व्हर्जिनिया बीचच्या एका बाईंना बनावट कुपनं बनवून विकल्याबद्दल १२ वर्षांची कैद झाली. दुकानांचं आणि कंपन्यांचं नुकसान तीन कोटी डॉलरहून जास्त होतं. कुपन इन्फर्मेशन कॉर्पोरेशन ही संस्था बनावट कुपनांची यादी प्रसिद्ध करते, ती कुणालाही पाहता येते. आधीच संच घेतला असेल तर त्यातलं एकही कुपन गल्ल्यावर देऊ नका. ते १५ डॉलर गेले असं समजा आणि गटातून बाहेर पडा.