मागच्या अंगणातला गंजका पाइप: घर घ्यावं की सोडावं?

तुम्ही लिहिलंय की पिट्सबर्गजवळच्या मरीसव्हिलमधलं घर पसंत आहे, पण मागच्या उतारावर झुडपांत जमिनीतून वीतभर वर आलेला गंजका लोखंडी पाइप दिसला आणि एजंट म्हणाला, "जुनी पाण्याची लाइन असेल." असेलही. पण त्या भागात माझा पहिला संशय गॅसच्या विहिरीवर जाईल. १८७८ साली तेलासाठी विहीर पाडणाऱ्या हेमेकर बंधूंना गॅस लागला तो मरीसव्हिललाच. आज मनरोव्हिलच्या देवळात भेटणारी अर्धी मंडळी त्याच टेकड्यांवर घरं बघत असतात!

पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलची ड्रेकची तेलविहीर १८५९ ची, आणि नव्या विहिरीला परवाना लागू झाला तो थेट १९५० च्या दशकात. मधल्या काळात कोणी कुठे भोक पाडलं याची धड नोंद नाही. त्यामुळे डीईपीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याच्या, विहिरींच्या नकाशावर तुमच्या प्लॉटवर ठिपका नसला तरी निर्धास्त होऊ नका.

खरं तर पाइप दिसतोय ही त्यातल्या त्यात बरी बातमी. वाईट विहीर ती, जिचा पाइप भंगारासाठी उपसून नेला, तोंडात ओंडका नि दगड कोंबले, वर माती लोटली आणि पुढे तिथेच प्लॉट पडले. लोखंडच उरलं नसेल तर मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतलं लोखंड हुडकणारं यंत्र, फिरवूनही काही कळत नाही.

विहिरीतला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेहून हलका, आणि त्याला वास नसतो. स्वयंपाकाच्या गॅसचा वास कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरते. त्याला पाइपातून वर जायची वाट बंद केली तर तो मातीतून, भिंतीकडेच्या खडीतून बेसमेंट गाठू शकतो. म्हणून "पाइप कापा, वर काँक्रीट ओता, डेक बांधून टाका" असं कोणी हॅन्डीमन सांगेल, तर त्याला नमस्कार करा. मॅककीस्पोर्टजवळच्या व्हर्सायमध्ये १९१९ च्या गॅसच्या लाटेत लोकांनी घरांच्या मधल्या जागेत विहिरी पाडल्या. दोनेक वर्षांत गॅस ओसरला, विहिरी मात्र राहिल्या. नंतर तिथे व्हेंट पाइप उभे करावे लागले, गॅस घरात न शिरता वर निघून जावा म्हणून.

आता पैसे. विहीर साफ करून तळापासून सिमेंटने बुजवायची म्हणजे हजारो डॉलरचं काम, अवघड निघाली तर लाखाच्या वर. एप्रिल १९८५ पूर्वी सोडून दिलेली आणि आताच्या मालकाने न चालवलेली, जिचा फायदाही घेतलेला नाही अशी विहीर 'अनाथ' ठरू शकते. अशा विहिरी राज्य बुजवतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात देशभरासाठी ४.७ अब्ज डॉलर त्यासाठीच ठेवले. पण क्रम धोक्यानुसार लागतो, तुमचा नंबर लवकर येईल या भरवशावर राहू नका. आणि "घराला स्वतःच्या विहिरीचा गॅस, बिल शून्य" असं कुठल्या जाहिरातीत दिसलं तर आधी वकील गाठा. ती विहीर वापरात आहे, म्हणजे अनाथ नाही, आणि घराबरोबर तिला बुजवायची जबाबदारीही तुमच्या गळ्यात येऊ शकते.

तुमच्या जागी मी पाइपाचा फोटो आणि अक्षांश-रेखांश डीईपीच्या जिल्हा कार्यालयाला आजच पाठवीन, आणि उत्तर येईपर्यंत इन्स्पेक्शनची, म्हणजे घर तपासून घ्यायची, मुदत वाढवून मागेन. बेसमेंटमध्ये, विशेषतः फरशीच्या भेगा आणि सम्पच्या (झिरपलेलं पाणी साठतं त्या) खड्ड्याशी, मिथेनच्या मीटरने मोजून घ्या. रेडॉनची (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) चाचणी किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिथेन दाखवत नाही. पाणी बोअरचं असेल तर विरघळलेला मिथेनही तपासा. मीटर शून्य दाखवत असेल आणि पाइप घरापासून लांब, बुजवणाऱ्यांची रिग, म्हणजे मोठं यंत्र, पोचेल अशा मोकळ्या जागी असेल, तर मी किंमत कमी करून घेऊन ते घर घेईन. सेलरने मोजायलाच नकार दिला तर मात्र घेणार नाही.