काम पुण्याला चाललंय, कागद माझ्यासमोर आहे

(अमेरिकेतल्या आयटी नोकऱ्या भारतात हलवल्या जात असल्याबद्दल दोन्ही देशांतून पत्रं आली. त्यातली निवडक.)

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. अमेरिकेचा नागरिक आहे, वय 52. एका विमा कंपनीच्या आयटी विभागात 14 वर्षं पूर्ण झाली. माझ्यासकट इथल्या 60 जणांचं काम पुण्याच्या सेंटरला हलवतायत. आठ आठवडे तिथल्या टीमला केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम शिकवून सोपवणं) द्यायची, मग शेवटचा दिवस. आठ आठवड्यांचा पगार सेव्हरन्स (नोकरी संपताना मिळणारी भरपाई) म्हणून देणार, पण कंपनीवर दावा करणार नाही अशा कागदावर सात दिवसांत सही हवी म्हणतात. सही करू का? आणि आपली जागा घेणाऱ्यालाच शिकवायला लावणं कायदेशीर आहे का?

उत्तर : सात दिवसांत सही अजिबात नको. तुमच्या पत्रातले चार आकडे फार बोलके आहेत : वय 52, वर्षं 14, माणसं 60, आठवडे 8.

न्यू जर्सीचा लेऑफचा सुधारित कायदा 10 एप्रिल 2023 पासून लागू आहे. 100 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने राज्यातल्या 50 किंवा जास्त जणांना काढलं, तर 90 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार बंधनकारक. नोटीस 90 दिवसांहून कमी पडली, तर वर आणखी चार आठवडे. तुमची नोटीस 56 दिवसांची. म्हणजे कंपनीत 100 जण असतील तर 14 अधिक 4, असे 18 आठवडे तुमच्या हक्काचे. आणि कंपनी 8 पुढे करून त्यावर सही मागते आहे! ही हक्काची रक्कम सरकारच्या किंवा न्यायालयाच्या मंजुरीशिवाय सोडून देता येत नाही, तशी सही केली तरी ती टिकत नाही. बाकीच्या दाव्यांवर पाणी सोडायला लावायचं असेल, तर कंपनीने या 18 आठवड्यांच्या वर काहीतरी द्यायला हवं.

काही कंपन्या 50 चा आकडा टाळायला आज 30, पुढच्या महिन्यात 30 असे हप्ते पाडतात. 90 दिवसांतले असे हप्ते कायदा एकत्र मोजतो, प्रत्येक हप्त्याचं कारण खरोखर वेगळं असल्याचं कंपनीने दाखवलं नाही तर. म्हणून तुमच्या आगेमागे कोण कधी गेलं याची तारखांसह यादी घरच्या वहीत ठेवा. (टेक्साससारख्या राज्यातल्या वाचकांना मात्र फक्त 1988 चा फेडरल कायदा : 60 दिवसांची नोटीस, आणि सेव्हरन्सची सक्ती नाही.)

आता वय. चाळिशी ओलांडलेल्या माणसाकडून वयाधारित भेदभावाचा दावा सोडून घ्यायचा तर 1990 चा फेडरल कायदा आड येतो. एकट्याला काढलं तर विचाराला 21 दिवस, गटाने काढलं तर 45 दिवस, आणि सही केल्यावरही मागे घ्यायला 7 दिवस. तुम्हाला सांगितलेले सात दिवस हा बहुधा या शेवटच्या सातांशी केलेला सोयीस्कर घोळ आहे. गटाच्या बाबतीत कोणाला काढलं आणि कोणाला ठेवलं, त्यांची पदं आणि वयं यांचा तक्ता कागदासोबत जोडावा लागतो. तुमच्या पाकिटात तो तक्ता आहे का पाहा. नसेल तर एचआरला एवढीच ईमेल : ‘गटाचा तक्ता आणि 45 दिवसांची मुदत लेखी द्यावी.’ मिळालेला तक्ता कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा, स्थलांतराच्या नव्हे.

बदली माणसाला शिकवायला लावणं कायदेशीर आहे, कितीही जिव्हारी लागलं तरी. ऑरलँडोतल्या डिस्नेच्या आयटी कर्मचाऱ्यांनाही असंच शिकवायला लावलं होतं. व्हिसाच्या अर्जांत खोटी माहिती दिली, असा दावा त्यांच्यापैकी काहींनी केला होता. 2016 मध्ये फ्लोरिडातल्या फेडरल न्यायालयाने तो फेटाळला. मुळात एच-1बीवर (परदेशी कुशल कामगारांच्या व्हिसावर) अवलंबून असलेल्या कंपन्यांवर ‘अमेरिकन कामगाराला हटवणार नाही’ अशी हमी देण्याचं बंधन आहे, पण ज्याला वर्षाला 60,000 डॉलर पगार आहे किंवा जो मास्टर्स आहे, त्याच्यापुरतं ते गळून पडतं. हा 60,000 चा आकडा 1998 चा आहे आणि तेव्हापासून तसाच आहे. काम थेट पुण्यात गेलं तर व्हिसाचाच संबंध उरत नाही, म्हणून हे बंधनही लागत नाही.

केटीला नकार दिलात किंवा मुद्दाम अर्धवट दिलीत, तर गैरवर्तनाचं कारण दाखवून काढायला वाट मोकळी. त्यापेक्षा केटी पूर्ण केल्याबद्दल वेगळा बोनस लेखी मागा. घाई त्यांना आहे, आणि सौदा करायची संधी पहिल्या दोन आठवड्यांतच असते. कोड किंवा ग्राहकांच्या फाइल्स स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. नियुक्तिपत्र, पगारचिठ्ठ्या, मूल्यमापनाचे अहवाल यांच्या प्रती मात्र लॉगिन बंद होण्याआधी घ्या. ते बऱ्याचदा शेवटच्या दिवशी दुपारी नाही, सकाळीच बंद होतं.

प्रश्न : कॅलिफोर्नियात एच-1बीवर आहे, आय-140 (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर होऊन दोन वर्षं झाली. आमची टीम बंद करून काम बंगळुरूला नेतायत. नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणारे साठ दिवस नेमके कधीपासून मोजायचे?

उत्तर : नोकरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नोकरी संपल्याचा दिवस साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो धरतात. सेव्हरन्सचे आठवडे यात धरत नाहीत. म्हणून एचआरशी बोलताना एकरकमी पैशापेक्षा ‘नोटीस काळात पेरोलवर ठेवा’ हे आधी मागा. साठ दिवस पेरोल आणि पुढचे साठ, असे चार महिने होतात. तुमचं आय-94 (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर मुदतही तिथेच संपते, ते आजच तपासा.

हे साठ दिवस खरं तर साठ नसतात. नव्या कंपनीचा अर्ज साठाव्या दिवसापर्यंत इमिग्रेशन खात्यात पोचायला हवा, नुसतं ऑफर लेटर हाती असून भागत नाही. त्याआधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींची हमी देणारा कंपनीचा अर्ज) मंजूर व्हायला सात कामाचे दिवस जातात आणि वकिलाला कागद जमवायला आठवडा-दीड आठवडा. म्हणजे ऑफर चाळिसाव्या दिवसाच्या आत हवी. नसेल जमत, तर साठ संपण्याआधी आय-539 (दर्जा बदलण्याचा अर्ज) भरून बी-2, म्हणजे पर्यटकाचा दर्जा मागा.

आय-140 ला 180 दिवस उलटून गेलेत, त्यामुळे कंपनीने तो मागे घेतला तरी त्याची मंजुरी टिकते, आणि तुमची प्रायॉरिटी डेटही (ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा ठरवणारी तारीख) शाबूत राहते. परतीच्या तिकिटाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो, पण फक्त तुमचा, घरच्यांचा नाही.

प्रश्न : मी हिंजवडीत काम करते. पुढच्या महिन्यात न्यू जर्सीच्या एका सरांकडून केटी घ्यायची आहे. त्यांची नोकरी जाणार हे मला माहीत आहे. त्यांना अवघडल्यासारखं न होता सगळं कसं विचारू?

उत्तर : अवघड त्यांना होणारच, तुम्हालाही होईल. कॉलवर सहानुभूतीची भाषणं नकोत. नेमके प्रश्न विचारणं आणि त्यांचा वेळ न दवडणं हाच आदर. कॉल त्यांच्या सकाळी ठेवा, तुमची संध्याकाळ गेली तरी. भारत आणि पूर्व किनारा यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथे घड्याळ बदलतं, इथे नाही.

घड्याळावरूनच पहिला प्रश्न विचारा : रात्री एक ते तीनच्या दरम्यान कुठले बॅच जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आहेत? मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे पहाटेचे दोन वाजायचे ते थेट तीन वाजतात. सर्व्हर तिथल्या वेळेवर असेल, तर अडीचचा जॉब काही शेड्युलर (हे जॉब वेळेवर सुरू करणारी सॉफ्टवेअर) सरळ गाळतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीडचा जॉब दोनदा धावू शकतो, मग ग्राहकाचा एकच हप्ता दोनदा कापला जातो. हे डॉक्युमेंटमध्ये सापडत नाही, कारण सर दर वर्षी त्या रविवारी हाताने बघत आले असतात.

दुसरा प्रश्न : कुठले जॉब त्यांच्या स्वतःच्या लॉगिनवर चालतात? त्यांचं खातं बंद झालं की पहिल्या महिनाअखेरीला तेच जॉब कोसळतात. ते जॉब सर्व्हिस अकाउंटवर (कुणा माणसाच्या नावाचं नसलेल्या खात्यावर) त्यांच्यादेखत हलवून घ्या. तिसरा : कुठल्या सर्टिफिकेटची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) मुदत कधी संपते आणि नूतनीकरणाचा इशारा कोणाच्या इनबॉक्समध्ये येतो? चौथा : अडल्यावर ते फोन कोणाला करतात? हेल्पडेस्कचा नंबर कुणीही देईल. तुम्हाला हवं आहे ते हप्ते कापणाऱ्या बँकेत पंधरा वर्षं बसलेल्या माणसाचं नाव.

आणि रिव्हर्स शॅडो, म्हणजे तुम्ही चालवायचं आणि त्यांनी नुसतं पाहायचं, हा टप्पा निदान दोन महिनाअखेरी तरी हवा. वेळापत्रकात एकच दिसली तर आत्ताच मॅनेजरकडे लेखी हरकत घ्या. नंतर खापर पुण्याच्या टीमवरच फुटतं.

प्रश्न : या सगळ्याने अमेरिकेतल्या नोकऱ्या खरंच संपल्या का? भारतात काम पाठवलं की कंपन्यांना करसवलत मिळते असंही ऐकतो.

उत्तर : 2002 मध्ये फॉरेस्टर या संस्थेने 2015 पर्यंत सेवाक्षेत्रातल्या 33 लाख नोकऱ्या बाहेर जातील असं भाकीत केलं होतं. अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन ब्लाइंडर यांनी 2007 मध्ये 22 ते 29 टक्के नोकऱ्या बाहेर जाण्याजोग्या आहेत असा अंदाज बांधला. जाण्याजोग्या म्हणजे गेलेल्या नव्हेत, हा फरक बातम्यांत हरवला. प्रत्यक्षात ‘प्रोग्रामर’ या पदावरची माणसं 2000 नंतर निम्म्याहून कमी झाली, ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ खूप वाढले. पण पन्नाशीच्या प्रोग्रामरला या बेरीज-वजाबाकीचा काय उपयोग?

करसवलतीचं उलट आहे. परदेशात केलेल्या सॉफ्टवेअर विकासाचा खर्च 2022 पासून 15 वर्षांत विभागून दाखवावा लागतो. देशातला 5 वर्षांत होता, तो 2025 च्या कायद्याने पुन्हा त्याच वर्षी वजा करता येतो. तरीही काम बाहेर जातं, कारण पगारातला फरक यापेक्षा मोठा आहे.

प्रश्न : परदेशी स्पर्धेमुळे नोकरी गेली तर सरकार प्रशिक्षणाचा खर्च देतं ना? आणि आरोग्य विम्याचं काय?

उत्तर : ती ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स योजना. 1 जुलै 2022 पासून तिच्यात नवे अर्ज मंजूर होत नाहीत. जुनी माहितीपत्रकं मात्र अजून फिरतात.

विम्यासाठी कोब्रा (कंपनीचाच गट विमा स्वतःच्या खर्चाने पुढे चालू ठेवण्याची सोय) निवडायला 60 दिवस असतात आणि संरक्षण मागील तारखेपासून लागू होतं. हप्ता पूर्ण खर्चाच्या 102 टक्क्यांपर्यंत, म्हणजे डोळे पांढरे करणारा. त्यामुळे बरेच जण फॉर्म भरून न पाठवता जवळ ठेवतात आणि त्या 60 दिवसांत कोणी आजारी पडलं तरच पाठवतात. मागचे हप्ते मग भरावे लागतात. मार्केटप्लेसचा (सरकारी व्यवस्थेतून स्वतः विमा विकत घेण्याचा) पर्यायही याच 60 दिवसांत घ्यायचा. कोब्रा घेऊन हे 60 दिवस उलटल्यावर मध्येच सोडला, तर मार्केटप्लेसचं दार पुढच्या खुल्या नोंदणीपर्यंत बंद.