सोयाबीन काढणीत शिंका, दम आणि अंगाला खाज: ॲलर्जीची टेस्ट कोणती करावी?

तुम्ही लिहिलंय की हडंबा (मळणी यंत्र) सुरू झाला की तुम्हाला शिंका लागतात, रात्री छाती वाजते, आणि वडिलांच्या पापण्या-मानेला खाज सुटते. रक्ताची टेस्ट करावी का, आणि सोयाबीन पेरणंच सोडावं का, हे तुमचे प्रश्न. मी डॉक्टर नाही, दारव्हा तालुक्यातला शेतकरी आहे. पण या दुखण्यात बरीच वर्षं काढली आहेत.

तुमचं आणि वडिलांचं दुखणं बहुधा एक नाही, त्यामुळे टेस्टही एक नाही.

आधी तुमचं. काही जणांच्या अंगात एखाद्या धुळीविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ती धूळ नाकात गेली की तिथल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि काही मिनिटांत शिंका सुरू. सोयाबीनच्या टरफलाची धूळ यात वाईट. स्पेनच्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात मधूनच एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण एकदम दवाखान्यात लोटायचे. शोध घेतला तर ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे निघाले. कोठाराला धूळ अडवणारा फिल्टर नव्हता. तो बसवल्यावर साथ थांबली. आपल्याकडे तर हडंब्याच्या तोंडाशीच माणूस उभा. शिवाय पावसात भिजलेल्या सुडीची (कापून रचलेल्या ढिगाची) बुरशी असते ती वेगळीच. गंमत म्हणजे सोयावडीची भाजी खाऊन मला कधीच काही झालं नाही.

याची टेस्ट म्हणजे स्किन प्रिक. हातावर बॉलपेनने आकडे लिहितात, प्रत्येक आकड्यापाशी एकेका अर्काचा थेंब, आणि थेंबातून सुईचं हलकं टोचणं. रक्त येत नाही. एक थेंब नुसत्या सलाईनचा, तो उठू नये; एक हिस्टामिनचा, तो उठलाच पाहिजे. १५-२० मिनिटांनी उठलेली गांधी पट्टीने मोजतात. सलाईनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर पॉझिटिव्ह. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा आदल्या रात्री सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली होती. हिस्टामिनचाच थेंब उठला नाही, म्हणजे टेस्ट बाद. आई म्हणाली, "गेला शिंकत, आला शिंकत!" ती गोळी आठवडाभर आधी बंद करावी लागते, ती कशी करायची हे डॉक्टरला विचारून ठरवा. दुसऱ्या खेपेला बुरशी आणि घरच्या गादीतल्या धूळकिड्यांची गांधी उठली. दोन्ही गोष्टी मला आधीच ठाऊक होत्या म्हणा, कारण कोणत्या दिवशी काय केलं आणि काय झालं हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनीही आधी तेच पाहिलं.

रक्ताच्या टेस्टबद्दल सांगतो. एकूण आयजीई पोटात जंत असले तरी वाढतं, त्यावरून निदान होत नाही. एका लॅबने मला शंभरावर पदार्थांचं पॅकेज विकलं होतं. त्यात भेंडीपासून तांदळापर्यंत सगळं 'पॉझिटिव्ह' निघालं. महिनाभर मी काय खावं या विचारात निम्मा झालो. संशय असलेल्या गोष्टीचंच आयजीई मोजायचं असतं. छाती वाजते तर फुंकायची टेस्टही करून घ्या, म्हणजे दमा आहे का ते कळेल.

वडिलांचं मला गाजर गवताचं वाटतं. पापण्या, मान, कोपराचा खळगा, उन्हात जास्त, हा त्याचा नेहमीचा नमुना. ही उशिरा उठणारी ॲलर्जी आहे, तिच्यात आयजीईचा हात नसतो, म्हणून प्रिक टेस्ट कामाची नाही. पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात, त्याला पॅच टेस्ट म्हणतात. अकोला, यवतमाळ, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे. फोन करून टेस्ट होते का विचारा, मगच निघा. आणि मेडिकलवरून मागून आणलेली ट्यूब चेहऱ्याला लावू देऊ नका. त्यात बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं. चार दिवस आराम वाटतो, मग कातडी पातळ होते.

उपचार: नाकाचा स्टेरॉइड स्प्रे मी काढणीच्या दोन आठवडे आधीच रोज सुरू करतो. दम्याला पंप, त्याची सवय लागते हा पारावरचा समज आहे. इम्युनोथेरपीची लस, म्हणजे ज्याची ॲलर्जी त्याचाच थोडा थोडा डोस, तीन ते पाच वर्षं घ्यावी लागते, मला एवढ्या खेपा जमल्या नाहीत. मधमाशी चावून किंवा इंजेक्शननंतर ओठ सुजले, श्वास अडला, चक्कर आली, तर गोळी शोधत बसू नका. १०८ लावा, आरोग्य केंद्र गाठा. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं.

सोयाबीन सोडायचं म्हणाल तर मी सोडलेलं नाही. हडंब्यावर वारा पाठीशी घेऊन उभा राहतो, दुपट्ट्याऐवजी एन-९५ मास्क बांधतो, कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरायचं काम धाकट्या भावाकडे दिलंय. तो त्याबद्दल दरवर्षी कुरकुरतो.