अप्लाइड आर्टच्या पहिल्या वर्षात काळे चौकोन कापून मुलं नक्की काय शिकतात?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी अप्लाइड आर्टच्या, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या, पहिल्या वर्षाला आहे. तीन महिने झाले, घरी येऊन काळे कागद कापते, ठिपके मारते, रात्री दोन-दोनपर्यंत पोस्टर कलर कालवत बसते. कॉम्प्युटरला अजून हात लावलेला नाही. मोबाइलवर पाच मिनिटांत पोस्टर होतं, मग एवढी फी भरून हे काय चाललंय?

माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं. फक्त तेव्हा मोबाइलचा मुद्दा नव्हता. ते म्हणाले होते, "कागद कापायला शिकायचंय तर आपला टेलर शिकवेल की." मी मूळची बार्शीची. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्हींना ए ग्रेड, गणपतीच्या मंडळाचे बोर्ड माझेच असायचे. त्यामुळे पुण्यात शिकायला आले तेव्हा आपल्याला चित्रकला येते याबद्दल मला काडीची शंका नव्हती. ती खात्री पहिल्याच असाइनमेंटला गेली.

असाइनमेंट अशी होती. सहा इंचांचा पांढरा चौकोन, त्यात एकसारखे चार काळे चौकोन चिकटवायचे. हवे तर कडेने कापले गेले तरी चालतील, पण रंग नाही, चित्र नाही. आणि त्यातून एकेक शब्द दाखवायचा: दाटी, घाई, पडझड, एकटेपणा. जगभरच्या डिझाइन कॉलेजांत हा प्रकार या ना त्या रूपात करून घेतात. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. एकटेपणासाठी तीन चौकोन खाली डाव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटवले आणि चौथा वर उजवीकडे लांब ठेवला. झालं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे कागद सॉफ्टबोर्डवर लागले. नियम एकच, ज्याचा कागद त्याने बोलायचं नाही. बाकीच्यांनी फक्त काय दिसतंय ते सांगायचं. माझ्या कागदावर एकजण म्हणाला, "भांडण." दुसरी म्हणाली, "मॉनिटर आणि पोरं." तिसऱ्याला तो पतंग वाटला. एकटेपणा कुणालाच दिसला नाही, आणि मला तर तोंड उघडायची बंदी. सरांनी फक्त तो चौथा चौकोन काढला आणि वरच्या कडेबाहेर थोडा जाईल असा टेकवून धरला. वर्ग म्हणाला, "निघाला." मग तोच चौकोन इतर तिघांकडे जरा सरकवला, पण चिकटवला नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "घेत नाहीयेत त्याला."

अर्ध्या इंचाचा फरक. शाळेतल्या परीक्षांमध्ये मी काय काढलंय याला मार्क होते. इथे पहिल्यांदा कळलं की माझ्या मनात काय होतं त्याला शून्य किंमत आहे, समोरच्याला काय दिसलं तेवढंच खरं. तुमच्या मुलीचे चौकोन याच खटपटीसाठी आहेत. हे कॉम्प्युटरवर शिकता येत नाही असं नाही, पण तिथे चौकोन आपोआप ओळीत जाऊन बसतो आणि आपल्याला वाटतं आपणच बसवला.

या अभ्यासाचं मूळ बरंच मागे जातं. 1919 साली जर्मनीत वायमारला बाउहाउस हे कला-डिझाइनचं विद्यालय सुरू झालं, तिथे योहानेस इटेननं नव्या मुलांसाठी एक प्राथमिक कोर्स बसवला होता. काळं-पांढरं, खरखरीत-गुळगुळीत, मोठं-छोटं असे विरोध हाताळायचे, मगच पुढे जायचं. नंतर तिथेच योसेफ आल्बर्स मुलांना नुसता कागद देऊन त्यातून काय काय होऊ शकतं ते शोधायला लावायचा. आपल्याकडे मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा, म्हणजे आजच्या अप्लाइड आर्टचा, विभाग 1935 साली निघाला. नंतर अहमदाबादला एनआयडी आणि पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्था आल्या आणि हे धडे इकडे रुजले. म्हणजे तुमच्या डायनिंग टेबलावर जो पसारा पडलाय त्याला शंभरेक वर्षांची परंपरा आहे. टेबल पुसायला त्याचा काही उपयोग नाही, हे मान्य.

आता रात्री दोनपर्यंत रंग कालवण्याबद्दल. बहुतेक ती ग्रे स्केल करत असणार, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ-दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीतलं अंतर सारखं दिसलं पाहिजे. तिला विचारा, मधला करडा कसा केला? अर्धा पांढरा आणि अर्धा काळा घेतला तर मधला करडा येत नाही, जवळजवळ काळाच येतो. काळा रंग पांढऱ्याला गिळतो. पांढऱ्यात ब्रशच्या टोकाएवढा काळा घालत घालत जावं लागतं. शिवाय ओला असताना जो करडा दिसतो तो वाळल्यावर बदलतो, म्हणून नेमकी जुळवलेली सहावी पायरी सकाळी सातवीसारखी दिसते. मी हॉस्टेलच्या पंख्याखाली पट्ट्या वाळवत बसायचे. आणि एवढं करून तोच करडा काळ्या कागदावर ठेवला की उजळ दिसतो, पांढऱ्यावर ठेवला की मळकट. डोळा एकटा रंग कधी बघतच नाही, शेजाऱ्यासकट बघतो. आज एखादा क्लायंट म्हणतो, "हा निळा वेगळा का वाटतोय?" तेव्हा मला स्क्रीनवर शोधत बसावं लागत नाही. शेजारचा पिवळा बघते.

पण माझं खरं शिक्षण अक्षरांनी केलं.

दुसऱ्या सत्रात काम होतं कॉलेजजवळच्या एका खऱ्या दुकानाचा बोर्ड करायचा. मी आमच्या खानावळीचा घेतला, कारण काकू महिन्याच्या डब्यात सूट देणार होत्या. त्याआधी महिनाभर बोरू, म्हणजे तिरक्या टोकाची लेखणी, घासून झाला होता. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमनच्या उलट धरावा लागतो, जाडी-बारीकपणा उलट दिशेनं पडतो, हे हातात बसायलाच दोन आठवडे गेले. अक्षरांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं नाही, डोळ्यानं ठरवायचं, हेही ऐकलं होतं. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात. न, म, स यांना उजवीकडे सरळ दंड आहे, तर ट, ड, द यांच्या पोटाखाली मोकळी जागा राहते. पट्टीनं सगळीकडे सारखं अंतर ठेवलं की न-म दाटलेले आणि ट-द भोवती हवा खेळतेय असं दिसतं. ग तर फारच त्रासदायक. त्याचा दंड सुटा असतो, जरा लांब गेला की तो शेजाऱ्याचा वाटायला लागतो.

हे सगळं सांभाळून मी "खानावळ" असं झोकदार लिहिलं. ऑइल पेंट, पिवळ्यावर तांबडा. ख ची पहिली शेपटी मी ऐटीत आखूड ठेवली, व ला जोडलीच नाही. वर्गात कुणालाच काही खटकलं नाही, कारण सगळ्यांना शब्द आधीच माहीत होता. बोर्ड लागला. संध्याकाळी काकू रस्त्याच्या पलीकडून ओरडल्या, "अगं, हे रवानावळ काय लिहून ठेवलंयस? पोरींना जेवायला घालते मी, रवाना नाही करत!"

मी पलीकडे गेले आणि वाचलं. रवानावळ. वीस फुटांवरून दुसरं काही वाचताच येत नव्हतं.

ख आणि रव हा देवनागरीतला जुनाच घोटाळा, मलाही पुस्तकातून माहीत होता. पण माहीत असणं वेगळं आणि भर रस्त्यात बोलणी खाणं वेगळं. मराठी नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडगे यांची अक्षरं पाहा, नाटकाचा सगळा स्वभाव त्या नावात उतरलेला असतो, तरी नाव वाचताना आपण कुठेही अडखळत नाही. पूर्वी आयडीसीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी केलेला मंगल फॉन्ट विंडोजमुळे लाखो लोकांनी वापरलाय, करणाऱ्याचा विचार एकदाही न करता. काकूंच्या ओरडण्यानंतर मी या दोघांचं काम वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले.

आणखी एक गोष्ट तुम्हाला घरी दिसेल ती म्हणजे रफांचे ढीग. आम्हाला "पाणी वाचवा" या पोस्टरसाठी चाळीस थंबनेल सांगितले होते, आगपेटीएवढी छोटी रेखाटनं. वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणांचं पहिलं चित्र नळ आणि थेंब. दुसरं, तळहातावर पृथ्वी. माझंही तेच. पंधराच्या पुढे डोकं चालेना. पंचविसाव्या थंबनेलच्या आसपास वैतागून मी बार्शीतला टँकर आठवला. टँकर यायच्या आधी नंबर लावून ठेवतात ना, हंडा, कळशी, आणि ज्याच्याकडे जादाचं भांडं नाही त्याचा दगड किंवा चप्पल. ती रांग काढली. माणूस एकही नाही, पाणीही नाही. सर नळाच्या चित्रांवरून न थांबता पुढे गेले आणि इथे थांबले. म्हणाले, "हे बघितलेलं आहेस. नळ दुसऱ्याच्या पोस्टरवर बघितला होतास." मोबाइलवर पाच मिनिटांत जे पोस्टर होतं त्यात बहुधा नळच येतो, कारण तिथे पहिलंच थंबनेल फायनल होतं.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. काही शिक्षक कारण न सांगता कागद फाडतात. माझाही एकदा फाडला होता, आणि त्यातून मी फक्त त्या तासाला दांडी मारायला शिकले. रंग, माउंट बोर्ड, कटर यांचा खर्च प्रवेशाच्या वेळी कुणी नीट सांगत नाही. जागरणाचं जे कौतुक चालतं तेही मला पटत नाही, थकलेल्या डोळ्याला करड्याच्या नऊ पायऱ्या सारख्याच दिसतात. आणि पहिलं वर्ष हातानं ठीक, पण तिसऱ्या वर्षीही छपाईला फाइल कशी पाठवायची ते शिकवत नसतील तर जरूर जाऊन विचारा. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारी जादा छपाई) सोडायचं असतं हे मला नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कटिंगवाल्या काकांनी सांगितलं, पाचशे निमंत्रणपत्रिकांना पांढरी कड आल्यावर.

तुम्हाला एकच सुचवते. तिचं काम झालं की तिने समजावून सांगायच्या आत, तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. छान-वाईट नको, फक्त दिसतं ते. चिडेल, पण तिला घरच्या घरी जुरी, म्हणजे काम बघून बोलणारी मंडळी, मिळेल.

काकूंच्या बोर्डचं विचाराल तर मी दुसऱ्याच दिवशी स्टुलावर चढून ख ची शेपटी व ला जोडून दिली. डबीतला तांबडा संपला होता म्हणून दुकानातून नवा आणला. ओला असताना तंतोतंत जुळला होता. वाळल्यावर एक छटा गडद झाला, आणि जोड अजून दिसतो.