आईंचं मन उडालंय की पाय थकलेत?

गोव्यात डिचोलीजवळच्या एका गावातली सून सासूबाईंना घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "आईंनी देवळातली आरती सोडली, बाजार सोडला. डिप्रेशन तर नसेल ना?" आईंचं वय 74.

ही काळजी घेऊन बरेच जण येतात. अशा वेळी मी मनाच्या आधी पायांची चौकशी करते. "चालता येतं का?" असं मात्र विचारत नाही. "येतं की!" हेच उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं. मी विचारलं, "आई, कुठलं काम हल्ली वेगळ्या पद्धतीनं करता?"

मग एकेक निघत गेलं. आरतीहून परतताना अंधार, त्यात पायऱ्यांवर शेवाळ. कदंब बसची पायरी उंच, म्हणून म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बंद. भजनाला खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो, त्याची लाज. चवथीच्या नेवऱ्या यंदा खुर्चीवर बसून केल्या. प्रत्येक सबब पटण्यासारखी, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. भजनाची आवड मात्र शाबूत; नातवाकडून फोनवर रेकॉर्ड करून घेतात. उदासीनतेत सहसा आवडच आटते.

खुर्ची भिंतीला टेकवली आणि हात छातीशी बांधून पाच वेळा उठबस करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पडताळणीत यासाठी 14 सेकंदांची मर्यादा धरतात. आईंना तिसऱ्याच वेळी हात टेकावे लागले. घरी करून बघायचं तर शेजारी कुणीतरी उभं हवंच. दारापर्यंत जाताना मी काही विचारलं, तर उत्तर द्यायला त्या थांबल्या. चालता चालता बोलणं जड जाणं हीसुद्धा चालण्याची क्षमता घटल्याची खूणच.

हे निदान नव्हे, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी मोजलं, झोपेची गोळी बदलली, डोळे तपासायला सांगितले. एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. पायांच्या ताकदीसाठी फिजिओथेरपी सुरू झाली. (बदल असा हळूहळू न होता एका दिवसात झाला, एकाच बाजूचा हातपाय लुळा पडला, तर समुपदेशन वगैरे काही नाही, थेट 108.)

माझं खरं काम सुनेशी होतं. "बसा तुम्ही, मी करते" हे प्रेमानंच चाललं होतं. पण पडायची भीती म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू आणखी अशक्त, असं ते चक्र. तुळशीला पाणी घालणं, नारळ किसणं ही कामं आईंना परत द्यायला सांगितली. न्हाणीघरात धरायला दांडा लावायला सांगितला, तो मुलानं त्याच आठवड्यात लावला.

काठीला मात्र आई तयार नाहीत. "काठी दिसली की वाड्यावरचे दहा जण विचारतील." त्यावर पुढच्या भेटीत बोलायचं ठरलंय.